टिकटिक कुठून येते

पौड, ६ मार्च २०२५

चि. सौ. शुभांगी हिस, हैबतदादाचा आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे, पिकअप सोडून.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून हे पत्र कोंडिबाच्या दुधाच्या गाडीतून धाडतो आहे. तुझ्या अमोलने तिकडच्या सोसायट्यांतल्या भाडेकरूंचं सामान हलवायला माझी पिकअप मारुंजीला नेली आणि रविवारी आणून लावली. सोमवारी सकाळी मी चावी फिरवली, तर इंजिनातून टिक टिक टिक. रेस दिली की टिकटिक वाढते. इतकी वर्षं या गाडीने भाताची पोती ओढली, कधी कुरकुर केली नाही. इथल्या मिस्त्रीने नुसता कान दिला आणि सांगितलं की इंजिनाच्या डोक्यातल्या टॅपेट गेल्यात, इंजिन खोलावं लागंल. या वयाच्या गाडीचं इंजिन कोण खोलतं?

पाडव्याला गाडी अमोलच्या नावावर करायचं मी कबूल केलं होतं. ते आता विसरा. ज्याला चार दिवस गाडी सांभाळता येत नाही, तो सामान वाहायचा धंदा काय करणार? पाडव्याआधी भंगारवाला येऊन ती ओढून नेईल. तुझी सारजावहिनी मला गप बसा म्हणते, पण मी तोंडावर बोलणारा माणूस.

राग मानू नये असं लिहायची रीत आहे. तू मानणारच, तेव्हा ते लिहीत नाही.

तुझा,
हैबतदादा


मारुंजी, ९ मार्च

ती. हैबतदादास, धाकट्या शुभांगीचा सा. न. वि. वि. नमस्कार रिवाजाप्रमाणे केला आहे. मनापासूनचा पुढे बघू.

दादा, तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरवड्याच्या कारखान्यातून कमी केल्यापासून माझं पोर मान खाली घालून जेवतं. मामा गाडी देणार म्हटल्यावर कुठे त्याच्या तोंडावर हसू आलं. सोसायट्या पालथ्या घालून त्याने गिऱ्हाईकं जोडली, आणि तू एका टिकटिकीवर त्याच्या तोंडचा घास काढतोस? रोज सकाळी ऑइलची कांडी बघितल्याशिवाय त्याने गाडी हलवली नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या मिस्त्रीने बोनेट तरी उघडलं का? नुसता कान देऊन रोग सांगायला तो काय देवऋषी आहे?

अमोल माझ्यासारखा तापट नाही. तो म्हणतो, मामांनी एवढं करून बघावं. आधी ऑइलची कांडी बघायची, कारण ऑइल कमी पडलं की इंजिन वरून टिकटिकतं. मग थंड इंजिन चालू करून ऐकायचं आणि गरम झाल्यावर पुन्हा ऐकायचं. थंडपणी मोठा असलेला आवाज नंतर दबला, तर सायलेन्सरच्या तोंडाचं पॅकिंग फुटलंय. आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावायची. टॅपेट वाजत असली तर तिथे आवाज ठणठणीत येईल.

करून बघ. बहीण म्हणून सांगते आहे, पदर पसरून नाही. लोभ होता तेवढाच राहू दे. वाढवायचा की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

शुभांगी


पौड, १३ मार्च

चि. सौ. शुभांगी हिस आशीर्वाद. वि. वि. देवऋषी वगैरे वाचलं. मिस्त्रीला वाचून दाखवलं नाही, हे माझे उपकार समज.

तुझ्या चिरंजीवांच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. ऑइल भरपूर आहे. आवाज थंडपणी जेवढा, तेवढाच गरम झाल्यावर. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मी अंगणात वाकलो, तेव्हा शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. झाकणावर आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा. मिस्त्रीला पुन्हा बोलावला. या वेळी त्याने बोनेट उघडलं, पुढून वाकून पाहिलं आणि हात न लावताच पुन्हा बंद केलं. म्हातारी गाडी हाय, द्या सोडून, एवढंच म्हणाला.

म्हणजे बिघाड खोलवर आहे, हेच ठरलं. भंगारवाल्याला मी मंगळवारचा शब्द दिला आहे. अमोलला त्याआधी यायचं तर खुशाल येऊ दे. मी दार लावून घेणार नाही, पण पुढे होऊन आरतीही ओवाळणार नाही.

कळावे. लोभाचं तूच बघ.

हैबतदादा


मारुंजी, १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काल अमोल येऊन गेला. तू ओट्यावर बसून राहिलास, साधं ये म्हणाला नाहीस. त्याने पंखा फिरवणारा पट्टा काढला आणि इंजिन क्षणभर चालू केलं. टिकटिक बंद! म्हणजे इंजिन धडधाकट आहे, पट्ट्यावर जे फिरतं तिथेच काहीतरी अडतंय. वाकून पाहतो तर रेडिएटरच्या मागे, नजर लागू नये म्हणून बांधतात तो बिब्बा आणि काळी बाहुली, तारेत ओवून. त्या तारेचं टोक पंख्याच्या पात्यांना लागत होतं. तुझ्या मिस्त्रीलाही ते दिसलं होतं, अमोलने जाऊन विचारल्यावर त्याने कबूल केलं. पण दुसऱ्याचा बिब्बा सोडवला की बाधा आपल्याला लागते, म्हणून गडी हात न लावता निघून गेला. जाता जाता गाडी भंगारात घाला म्हणायला मात्र त्याची जीभ रेटली.

आणि बिब्बा बांधला कधी? वहिनीच्या तोंडून खरं निघालं. अमोलने गाडी आणून लावली, त्याच संध्याकाळी तू बांधलास. मारुंजीत सगळे लई गुणाची गाडी हाय म्हणत होते आणि सगळ्यांत जास्त तुझी बहीण, असं अमोलने कौतुकाने सांगितलं म्हणून. वर आम्हाला दिसू नये म्हणून आत बांधलास!

दादा, नजर माझी? सख्ख्या बहिणीची? तुझी गाडी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा माहेर आल्यासारखं वाटलं, म्हणून मी बोलले. आणि त्याची तुला भीती वाटली? मला रात्रभर रडू आवरलं नाही. स्वतः तार बांधून दोष पोराच्या माथी मारताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

अमोलने तार पकडीने तोडली आणि बिब्बा हातानेच काढून टाकला. वहिनी किंचाळल्या, तर तो हसला म्हणे. आता तुमच्या शास्त्राप्रमाणे ती बाधा माझ्या पोरावर आली. तुझी गाडी सुटली, तेव्हा झोप निवांत. आम्हाला ती नको. माझ्या नजरेची धास्ती ज्या गाडीला, तिच्यात माझं पोर बसणार नाही.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

शुभांगी


पौड, १९ मार्च

शुभे, आशीर्वाद.

भंगारवाल्याला काल फाटकातूनच परत लावला. मग मिस्त्रीकडे जाऊन त्याला झापला. त्याने एवढंच विचारलं की बिब्बा बांधला कुणी. मी तसाच घरी आलो.

हो, मीच बांधला. गाडी हातची जाणार म्हणून माझा जीव खालीवर होत होता. त्यात तुझं कौतुक ऐकलं आणि तार घेऊन बोनेटमध्ये वाकलो. असलं म्हाताऱ्या भावाला शोभत नाही, ते मला कळतं. सारजा तर दोन दिवस माझ्यावर धुसफुसते आहे. ताट आदळून ठेवते.

पण गाडी नको हे तू कोण सांगणार? शब्द मी अमोलला दिला आहे. पाडव्याला मी स्वतः चालवत मारुंजीला येतो. परत एसटीने जाईन.

पोराने तो बिब्बा उघड्या हाताने काढल्यापासून मला घास उतरत नाही. तुला हसायचं तर हस. सारजा इथूनच काहीतरी ओवाळून टाकते म्हणत होती, मी नको म्हटलं. मी आलो की दारातच थांबेन. तू मीठमोहऱ्या घेऊन बाहेर ये आणि अमोलची दृष्ट काढ. मग गाडीचीही काढ. दुसऱ्या कुणाच्या हाताने मला चालणार नाही.

तुझा दादा