खुशालभाऊची गाडी साठवर काऊन थरथरते

४ जानेवारी २०२५, शनिवार

पुन्हा आली! तिसऱ्यांदा. प्लग बदलले, चाकांचं बॅलन्सिंग केलं, इंजिनाखालचे रबर बदलले — तरी खुशालभाऊ म्हणते, पन्नास-साठच्या मधात गाडी थरथरते. चाळीसवर ठीक, ऐंशीवर ठीक. माह्या डोक्याचं भजं झालं.

खरं सांगायचं तं दोन महिने आम्ही दोघंबी रोडलेच शिव्या देत होतो. खनिजाच्या ट्रकांनी आलापल्लीच्या रोडाची अशी वाट लावली का इथी गाडी थरथरली तं कोणी गाडीवर शंकाच घेत नाई.

या माणसाले पाह्यलं का मले माह्याच आळसाची लाज वाटते. डावा पाय मांडीपासून नाई, सहा वर्षं झाली. क्लच दाबता येत नाई म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. आन् एका संस्थेसाठी सिकलसेलच्या तपासणीची पेटी घेऊन मुलचेऱ्याच्या पलीकडं गावोगाव एकटा फिरते. नाला आडवा आला तं गाडी तिथंच ठेवते, पेटी गळ्यात अडकवते आन् कुबड्यांवर निघते. रक्त पाहून पळणारी पोरं त्याच्यापुढं स्वतःहून बोट धरतात.

७ जानेवारी, मंगळवार

चंद्रपूरच्या एका गॅरेजवाल्याले गाडी दाखवून आणली. न तपासताच म्हणे, गिअरबॉक्स बदला. मले तरी कुठी काय समजते ऑटोमॅटिकमधलं? मीबी मान हलवली आन् खुशालभाऊले सांगितलं, "बॉक्स गेला, भाऊ."

खुशालभाऊ म्हणे, "जंगलात बंद पडली तं मी चालत कुठी जाऊ गा? संस्थेवाले केव्हाचे म्हणून राह्यले — ऑफिसात बस, रजिस्टर लिही. बसतो मंग." म्हणून हसला. गाडी माह्यापाशीच ठेवून गेला. जेवण गेलं नाई मले आज.

१२ जानेवारी, रविवार

साळी आली संक्रांतीले — दिव्यानी. घुग्घुसकडं कोळशाच्या खाणीत डम्परची दुरुस्ती करते. चहाचा कप हातात घेऊनच गाडीत बसली, गावातल्या गावात एक चक्कर मारून आली.

"भाऊजी, इथी समजत नाई. चांगला रोड कुठी आहे?"

"चांगला रोड! गडचिरोलीत येऊन चांगला रोड मागते!" मी म्हटलं. बायको, दीपिका, हसत सुटली. मंग आठवला — मुलचेऱ्याकडं सिमेंटचा नवा तुकडा झाला, तीनेक किलोमीटरचा. उद्या ट्रक निघायच्या आधी जाऊ.

१३ जानेवारी, सोमवार

बाप्पा! काय पोरगी आहे ही!

गाडी मी चालवत होतो. पंचावन्नवर गेलो आन् थरथर सुरू. एकदम साफ रोडावर! दिव्यानी म्हणे, "उजवा पाय हलवू नका. ॲक्सिलरेटर तसाच धरा. आता डाव्या पायानं ब्रेकले जरासं टेका, दाबू नका." टेकला. थरथर गायब! इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा थोडा वर चढला. पाय काढला — काटा खाली, थरथर पुन्हा सुरू. मी येड्यासारखं सात वेळा करून पाह्यलं.

तिनं मंग समजावलं. इंजिन आन् गिअरबॉक्सच्या मधात टॉर्क कन्व्हर्टर असते, तेलात फिरणारे दोन पंखे. एकानं फेकलेल्या तेलानं दुसरा फिरते. गाडी एका चालीवर आली का आतला छोटा क्लच दोघाले जोडून टाकते, तेच लॉक-अप. ब्रेकले पाय लागला का ते सुटते. "सुटल्यावर थरथर थांबली, म्हणजे दोष लॉक-अपचा. क्लच घसरते, पकडते, घसरते, पकडते. डम्परातबी असंच होते." एवढी मोठी गोष्ट, आन् बोलली कशी, भाजीचे भाव सांगितल्यासारखी!

या परीक्षेले डावा पाय लागते. खुशालभाऊले हे आयुष्यात समजलं नसतं.

दुपारी तिनं गिअरबॉक्सचं तेल काढलं. बोटांत चोळलं, वास घेतला. "जळालं नाई, चुराबी नाई. बॉक्स चांगला आहे, भाऊजी. पण हे तेल या गाडीचं नाईच. कोणी टाकलं?"

मी. दिवाळीच्या आधी. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगच्या तेलाचा डब्बा उघडा होता, तेल लाल, गाडीचंबी लाल. आमच्या इथी लाल तेल म्हणजे लाल तेल, सारेच टाकतात! पण कबूल करायचं सोडून तिच्यावरच ओरडलो — "मले शिकवतं का तू?"

ती हात पुसत म्हणे, "ओरडून तेल बदलत नाई, भाऊजी. बरोबरचं मागवा."

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तेल सकाळच्या बसनं चंद्रपुरातून आलं. एका वेळी सारं निघत नाई, कन्व्हर्टरात उरते. म्हणून काढलं, भरलं, गाडी फिरवली, पुन्हा काढलं — तीन वेळा. सणाच्या दिवशी पोरगी गाडीखाली, केसांत तेल, तोंडात तीळगूळ. संध्याकाळी सिमेंटच्या तुकड्यावर गेलो. पन्नास. पंचावन्न. साठ. पासष्ट. काईच नाई! मी गाडीतच टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांपासून मिस्त्री मी, आन् तिच्यापुढं हात जोडावे वाटले. जोडलेबी.

"मले नका जोडू. खुशालभाऊले सांगा."

उद्या सांगतो.

१५ जानेवारी, बुधवार

दिव्यानी सकाळी गेली. बसमध्ये चढताना म्हणे, "आजच सांगजा."

दुपारी खुशालभाऊचाच फोन आला. "काई होते का रे गाडीचं?" माह्या जिभेवर आलं होतं सारं. पण आपल्याच तेलानं याले दोन महिने भोगावं लागलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? साऱ्या आलापल्लीत बोभाटा होईन ना! म्हटलं, "पाहून राह्यलो, भाऊ. काई खरं नाई." खोटारडा मी.

१६ जानेवारी, गुरुवार

आजबी नाई सांगितलं. ट्रायल म्हणून दोन चकरा मारल्या फक्त.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाडी घेऊन त्याच्या घरी गेलो. सारं सांगितलं — तेल माहं, चूक माही, मंगळवारीच बरी झाली. रागावला नाई. गाडीत बसला, स्टेअरिंगवर हात फिरवला. म्हणे, "चांगली केली गा. पण सोमवारपासून माह्या जागी फिरतीवर संस्थेतला बिरजू जाते. बुधवारी तुले फोन केला नं, तो ठेवला आन् मंगच ऑफिसात बसायच्या कागदावर सही करून दिली."