कारणाचा रकाना

सोमवार, ३ जून, पहाटे ५ वाजून ४० मिनिटं
पोहण्याच्या तलावाची कचेरी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, आणि लगेच मुद्दा. पाण्यात औषध टाकून झालं आहे. ते मिसळेपर्यंत कोणाला आत सोडता येत नाही, म्हणून मला वीस मिनिटं रिकामी आहेत. फोनवर तू जहाजाच्या इंजिनावर आवाज चढवून बोलतोस आणि मी काय सांगायचं ते विसरतो. कागदावर विसरत नाही.

वहिनी बऱ्या आहेत, हे आधी वाच. तुला कळवू नका असं त्यांनी सांगितलं होतं. २२ मे रोजी, बायकांच्या वेळेत, १० वाजून १० मिनिटांनी त्यांच्या पोटरीत गोळा आला. कमरेएवढ्या पाण्यातून त्या खोलात सरकल्या, थोडं पाणी नाकातोंडात गेलं, आणि शिट्टीवाल्या बाईंनी त्यांना काठावर आणलं. दहा मिनिटांत उठून बसल्या. अपघाताचा कागद मीच भरला. वेळ, खोली, पोशाख, कारण असे त्यात रकाने आहेत. पोशाखात मी लिहिलं: डोक्यापासून घोट्यापर्यंत, पोहण्याचाच, हलक्या कापडाचा. कारणाचा रकाना रिकामा ठेवला. मी डॉक्टर नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. त्या सकाळी त्या काही न खाता आल्या होत्या आणि अर्ध्या तासाऐवजी पन्नास मिनिटं पाण्यात चालल्या, हे वहिनींनी मला रात्री घरी सांगितलं. काठीशिवाय चालता येतं ते फक्त पाण्यात, म्हणून बाहेर यावंसं वाटेना, म्हणाल्या. तोवर कागद साहेबांच्या कपाटात गेला होता.

अंगभर पोशाखावरून सभासदांत वर्षभर कुरबुर होतीच. आता समितीने माझे दोन रकाने एकत्र वाचले आहेत. १५ तारखेच्या बैठकीत नियम येणार: बाही कोपरापर्यंत, खाली गुडघ्यापर्यंत, डोक्याला फक्त रबरी टोपी. कारण, सुरक्षितता.

बाकांवर रोज भांडण असतं. शिट्टीवाल्या बाई मनापासून सांगतात की भिजलेलं कापड ओढताना त्यांचा दम निघतो, आणि एखादी हातातून गेली तर लोक त्यांनाच विचारणार. एक पिकल्या केसांच्या सभासद आहेत, त्या वहिनींच्याच धर्मातल्या. त्या म्हणतात, मी हे कापड घरच्यांशी भांडून टाकलं, लहान मुलींना कोण विचारतं. तिसऱ्या म्हणतात, बायकांच्या मागे मोजपट्टी घेऊन फिरू नका, ज्याला जे हवं ते घालू द्या. काल हे सगळं चाललं तेव्हा वहिनी त्याच बाकावर चपला घालत होत्या. घरी येताना म्हणाल्या की सगळं माझ्याबद्दल चाललं होतं, आणि माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच, की जरा सरकून बसा.

तीन महिने पाण्यात चालल्या तर खुब्याची शस्त्रक्रिया टळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पाच आठवडे झाले आहेत. मी काय करू ते कळव. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा धाकटा

*

९ जून, जहाजावरून

चि. कानामात्रास,

अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही, त्यामुळे जास्तच राग आला.

अरे, रकाना रिकामा ठेवलास म्हणजे तो रिकामा राहतो असं वाटलं तुला? तुझा हात आखडला म्हणून दुसऱ्याने भरला, एवढंच. आता बैठकीत जा आणि तोंडाने सांग: बाई उपाशी होती, जास्त वेळ चालली, पाय धरला. नोकरीची काळजी आहे, मला कळतं. पण हे सांगितलं म्हणून कोणी काढत नाही. फार तर साहेब आठवडाभर गाल फुगवून बसेल.

तिला मात्र कपडे बदल असं सांगायला जाऊ नकोस. लग्नानंतर एकदा मी गमतीत म्हणालो होतो की इथे आपल्याला कोण बघतंय. नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी बोलली ती एवढंच, की तुमच्यासाठी घालत नाही, तर तुमच्यासाठी काढू कशाला. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

इथे उकाडा आहे. इंजिनाच्या खोलीत मी स्वतः काय घालतो ते विचारू नकोस, समिती बेशुद्ध पडेल. तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

दादा

*

१७ जून

अहो,

नमस्कार. भाऊजींनी तुम्हाला सगळं कळवलं हे मला कळलं. त्यांच्यावर रागावू नका. मीही रागावले नाही, फक्त दोन दिवस त्यांना भाजीत मीठ मागावं लागलं.

बैठकीला मी मागे बसले होते. भाऊजींनी चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचला. सगळं नीट वाचलं. अध्यक्ष फार चांगलं वागले. प्रामाणिक मुलगा आहे, निवेदनाची नोंद घेतो, म्हणाले. मग विचारलं, हे तुम्ही कागदावर तेव्हाच का नाही लिहिलं? भाऊजी म्हणाले, तेव्हा माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, मग आजही तुम्हाला ऐकूनच माहीत आहे. भाऊजी हो म्हणाले. ते खरंच होतं. मला उठून सांगता आलं असतं की ज्या बाईची गोष्ट चालली आहे ती मीच. पण काठी बाकाखाली घरंगळली होती, आणि ती शोधेपर्यंत हात वर झाले. सात विरुद्ध चार.

एक गोष्ट भाऊजींना सांगू नका. कचेरीने मला नियमातला एक पोशाख फुकट देऊ केला. काल मी तो घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. घातला. पिकल्या केसांच्या बाई म्हणतात त्यात काही खोटं नाही, मलाही लहानपणी कोणी विचारलं नव्हतं. म्हणून म्हटलं, आज आपणच आपल्याला विचारून बघावं. पाचेक मिनिटं आरशासमोर उभी राहिले. नाही असं उत्तर आलं. रडू वगैरे आलं नाही. कपडे बदलले, पोशाख घडी करून दिला आणि घरी आले.

डॉक्टरांना सांगून टाकलं आहे, शस्त्रक्रिया करा. तुम्ही सुट्टी काढू नका. आठवण असू द्या, ती पुरते.

तुमची

*

रविवार, ३० जून, संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटं
घरी

ती. दादास,

नमस्कार. आज माझी महिन्याची सुट्टी. वहिनी झोपल्या आहेत, मी कपड्यांच्या घड्या करून बसलो आहे.

नियम २० तारखेपासून सुरू झाला. साहेबांनी मला दारावर उभं केलं आहे, कारण मी कोणाशी वाद घालत नाही. आतापर्यंत अकरा जणींना परत पाठवलं. पहिल्या दिवशी प्रत्येकीची माफी मागितली, आता मागत नाही. एक मुलगी आजीबरोबर आली होती, दहा-अकरा वर्षांची. तिने मला विचारलं की यातलं काय काढलं तर चालेल. मी पाटीकडे बोट दाखवलं. ती पाटीसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. आजी तिला घेऊन गेली. शिट्टीवाल्या बाई परवा माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बायकांची वेळ आता निम्मी रिकामी असते, शिट्टी वाजवायला कोणी नाही.

वहिनी मला काही सांगत नाहीत, मीही विचारत नाही. १६ तारखेला त्यांनी कपडे बदलायच्या खोलीची किल्ली १० वाजून २ मिनिटांनी नेली आणि १० वाजून १४ मिनिटांनी परत दिली. तेवढ्यात पोहून होत नाही. मी वहीत दोन्ही वेळा लिहिल्या. कारण विचारणारा रकाना त्या वहीत नाही.

नोकरी सोडावी असं चार दिवस मनात होतं. मग दवाखान्याचा आकडा आला. हिशोब खाली देतो. तू पाठवशील ते यात धरलेलं नाही. आशीर्वाद असू दे, बाकी ठीक.

तुझा धाकटा

दवाखान्यात ८ जुलैपूर्वी भरायचे: १८,०००
वहिनींच्या पासाचे परत आलेले: ७२०
वहिनींनी साठवलेले: २,४००
माझ्या पगारातून, घरखर्च जाऊन: ६,०००
दारावर उभं राहायचा जादा भत्ता: ३००
एकूण जमा: ९,४२०
उरलेलं देणं: ८,५८०
पुढच्या महिन्याचा भत्ता धरला तर: ८,२८०