एका घरात दोन फ्रुमा

ती. गितलताईस,

त्या शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी कोंबडीची उरलीसुरली पिसं गॅसवर जाळली, शब्बाथच्या हंडीसाठी घेवड्याचे दाणे भिजत घातले, जिना धुतला आणि झेलिगचा कोट बाल्कनीत उन्हाला टाकला. (झेलिग हिवाळ्यातच गेला, आता कोटाला ऊन कशाला, असं तू म्हणशील. लोकरीला कसर लागते म्हणून.) दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत आपल्याला भर सिनगॉगमध्ये मेल्यात जमा करणार आहेत, हे तेव्हा ठाऊक असतं तर जिना तरी धुतला नसता. असो. आधी नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? हैफात घर घ्यायचं आणि मग चढणीला शिव्या द्यायच्या, हे फक्त तुम्हालाच जमतं. भावोजींचं मीठ बंद ठेव. ते चोरून खारे मासे खातात हे मला इथं अफुलात कळतं, तुला तिथं कसं कळत नाही?

अम्नोनला मुलगी झाली हे मी फोनवर सांगितलंच आहे. मुलगा झाला असता तर त्याच्या बापाचं, झेलिग, ठेवायचं ठरलं होतं. मुलगी झाली म्हणून मी कुरकुर केली नाही. फक्त नाव जरा नावासारखं असावं एवढंच मनात होतं, कारण हल्ली लोक पोरांना काय वाटेल ते म्हणतात. आपल्या आजीच्या काळी बरं होतं, मेलेल्यांची नावं रांगेत उभी असायची आणि पोर जन्मलं की पुढचं उचलायचं. फ्रुमा म्हणजे देवभोळी, गितल म्हणजे चांगली, झेलिग म्हणजे धन्य. मग आपण बोटीतून उतरलो आणि तंबूतल्या शाळेत त्या चष्मेवाल्या बाईंनी एका सकाळीत सगळा वर्ग हिब्रू नावांत बदलून टाकला. तू तोवा झालीस (तेही चांगलीच, म्हणजे तुझं नुकसान नाही), झेलिगचा आशेर झाला आणि मी फ्रुमाची कार्मेला, म्हणजे द्राक्षमळा. मला विचारलंसुद्धा नाही. आपल्या पोरांच्या वेळेला सगळे राजपुत्र आणि रानफुलं: अम्नोन, यिगाल, नुरीत, ओफ्रा. आणि आता माझ्या जिन्यावर वरच्या मजल्यावर लाट राहते, तिचा भाऊ दव, खाली प्रकाश नावाची मुलगी आणि वारा नावाचं एक तान्हं. संध्याकाळी आया हाका मारायला लागल्या की हवामानाच्या बातम्या लागल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही फार तर एखादी झुळूक येईल अशी मी मनाची तयारी केली होती.

शनिवारी अम्नोनला तोराच्या पोथीपुढे बोलावलं. मी वर बायकांत बसले होते, शेजारी विहीणबाई सिम्हा, मांडीवर टॉफ्यांची पिशवी घेऊन. खालून आवाज आला, अम्नोनच्या मुलीचं नाव इस्राएलात फ्रुमा असं घेतलं जावो. सिम्हानं कानठळ्या बसतील अशी किलकारी दिली, बायकांनी टॉफ्या फेकल्या, एक माझ्या भुवईवर बसली. मी बसले होते ती उठलेच नाही. त्यांना वाटलं आनंदानं.

ताई, तुला सांगायला नको. आपल्यात नाव मेलेल्याचं ठेवतात. जिवंत माणसाचं ठेवलं तर मृत्यूचा दूत दारात येतो, एका घरात दोन फ्रुमा बघतो आणि हाताला लागेल ती घेऊन जातो. हे आजीनंच आपल्याला सांगितलं होतं. बोटीआधीच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात दूतानं तिला नेलं तेव्हा कुठलाही घोटाळा झाला नव्हता, म्हणजे दूताला नाव नीट ठाऊक असतं. आणि मला डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात छातीतली गाठ चांगली नाही म्हणून सांगितलेलं. अम्नोनला मी बोलले नव्हते. बाळंतपणाच्या घरात कसं बोलायचं? म्हणजे दूत आमच्या पत्त्यावर निघालेला, आणि इकडे माझ्या मुलानं पाळण्यावर माझी पाटी लावलेली.

मी अम्नोनकडे जाणं बंद केलं. सर्दी झालीय म्हणाले, मग पाय दुखतो म्हणाले. शेवटी बुधवारी सिम्हा स्वतः आली, ओढणी घट्ट बांधून, म्हणजे भांडायच्या तयारीनं. दारातूनच सुरू झाली.

“विहीणबाई, आमच्या मोरोक्कोत जितेपणी नाव मिळालं की म्हातारी गल्लीभर मिरवते. आम्ही तुमच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि तुम्ही तोंड लपवून बसलात?”

मी तिला दूताचं सांगितलं.

“आमच्या घरात चार सिम्हा आहेत,” ती म्हणाली. “चौघी गव्हाच्या पोत्यासारख्या बसल्यात. तुमचा दूत नाव विचारत फिरतो का? आमचा तोंड बघून ओळखतो.”

“आमचा पोलंड-रुमानियाकडचा आहे. त्याला कागदपत्रं लागतात.”

ती हसली. मग मी गाठीचं सांगितलं. सगळ्यात आधी तिलाच, बघ, जिच्याशी मी लग्नात भाताच्या रंगावरून भांडले होते. ती हसायची थांबली, आत गेली आणि चहा ठेवला. चहा समोर ठेवून म्हणाली, “नाव तुमच्या पोरानंच निवडलं. आम्ही कार्मेला म्हणत होतो. तो म्हणाला, बाबा गेल्यापासून आमच्या घरात फ्रुमा अशी हाक ऐकू येत नाही.”

मी चहाचा घोट घेतला. चहात साखर फार होती.

त्याच दुपारी ती मला रब्बींकडे घेऊन गेली. आजारी माणसाचं नाव बदलतात ना, तसं. मी म्हटलं, फ्रुमा काढूनच टाका, ते आता पोरीचं. रब्बी म्हणाले, काढत नसतात, पुढे नवीन लावतात, तेवढ्यानं माणूस दुसरा होतो. मी बाजारात घासाघीस करते तशी केली, पण माणूस ऐकेना. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत म्हणून सिम्हाचा नवरा माखलूफ पत्त्यांचा अड्डा उठवून घेऊन आला. त्यांनी स्तोत्रं म्हटली (एकाच्या हातात पानं तशीच होती) आणि माझं नाव हाया फ्रुमा झालं. हाया म्हणजे जिवंत. निदान आज शुक्रवारपर्यंत तरी खरं आहे.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. शावुओतचा सण उलटला की ऑपरेशन आहे. तू ये. हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच. उशी आपली आण, तिथल्या दगडासारख्या असतात.

ता. क. दवाखान्यात हायाला विचार. तुझ्या सवयीनं कॉरिडॉरभर फ्रुमा, फ्रुमा करत येऊ नकोस. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तरीपण नको. उलटंसुलटं झालंच, तर झेलिगशेजारच्या दगडावर मात्र फ्रुमा ठळक लिहा. हाया कोण, हे त्याला कळायचं नाही.

ता. क. पोरीचं विचारशील म्हणून. रब्बींकडे जाऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अम्नोनकडे गेले, तिला मांडीवर घेतलं आणि नावानं हाक मारली.