खांबावरची काजळी

मी, खाली सही करणारी, जुन्या महालाच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेली, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी बहुतेक माणसे माझ्याआधीच गेली.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, द्यावे. बँकेतली शिल्लकही तिलाच. आधी छप्पर नीट करून घ्यावे. हे घर सरकारने आमच्या वडिलांना महालातल्या घराच्या बदल्यात दिले. ते घर कसले, हे तिच्या बापाने तिला कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहिते.

महाल म्हणजे टेकडीवरचा खांबांचा दगडी दिवाणखाना. राजे गेल्यावर त्यात माणसे राहू लागली. दोन खांबांमध्ये मातीची भिंत घातली की झाले घर. आमच्या कित्येक पिढ्या तिथेच नांदल्या. परक्यांच्या राज्यात त्यांचा एक साहेब आला. त्याने नकाशा काढला आणि पुस्तकात लिहिले की इमारत भव्य आहे, पण आत घुसलेल्या लोकांनी धुराने खांब घाण केले आहेत. त्यांना हटवून महाल मूळ रूपात आणावा. ते जमण्याआधी त्याचे राज्य गेले. आम्हाला वाटले, सुटलो. मग आपल्या सरकारने तोच नकाशा काढला, वर आपला शिक्का मारला आणि आमच्या भिंती पाडल्या. मी तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाची होते. मुकादम आईला म्हणाला, "बाई, उठा आता." ती म्हणाली, "भाजी करपेल. जरा थांब." तो थांबला. त्याचे भले होवो.

२. तिकीटखिडकीतली खुर्ची माझ्या मालकीची आहे, खात्याची नव्हे. ती परत आणून शेजारच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर ठेवावी, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला. तेव्हाच्या अधीक्षकांना, हयात असल्यास, काहीही देऊ नये. मी नोकरीला लागले त्या वर्षी आई महाल बघायला आली. मी तिला तशीच आत सोडत होते, तर हे अधीक्षक म्हणाले, "नियम सर्वांना सारखा." मी पदरचे पैसे घालून तिचे तिकीट फाडले. ती जाऊन आपल्या खांबाशी बसून आली आणि म्हणाली, "झाडतात, पण कोपरे सोडतात."

३. आईची लोखंडी फुंकणी त्या संशोधक बाईंना द्यावी, ज्यांच्याबद्दल खाली येईल. त्यांनी ती वापरावी किंवा नुसती जवळ ठेवावी. खात्याच्या संग्रहालयाला देऊ नये. खात्याने आमचे घर आधीच घेतले आहे.

४. आमच्या खांबावर चुलीची काजळी आजही आहे. माझी नोकरी संपत आली तेव्हा दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, संघटनेने तिथे संगमरवरी पाटी बसवली: शत्रूच्या सैन्याने महाल जाळला, त्या आगीची ही खूण. लोक येऊन काजळीला हात लावू लागले, हार घालू लागले, बायका डोळे पुसू लागल्या. मी दादाकडे गेले.

"दादा, ती आपली चूल आहे. तुला ठाऊक आहे."

"आहे ठाऊक. पण चुलीला हार कोण घालणार?"

"मग आपण कोण होतो रे तिथे?"

"घुसखोर," तो म्हणाला. "साहेबाने छापून ठेवलंय ते. वर्गात मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, सगळी पोरं माझ्याकडे वळून बघत होती. घुसखोर म्हणवून घेण्यापेक्षा जळलेले बरे."

मला त्याचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसून हार घेऊन येणाऱ्यांची तिकिटे फाडली.

पुढे संशोधक बाई आल्या. त्यांनी काजळी खरवडून तपासली. तिच्यात वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि सरपणाचा धूर निघाला, आगीचे काही नाही. "मावशी, इथे कोणी राहत होतं का?" त्यांनी खिडकीपाशी येऊन विचारले. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांचा अहवाल कचेरीत पडून राहिला. त्यानंतरच्या हार घालायच्या दिवशी दादाने भाषण केले आणि जमाव टेकडी उतरून सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानावर गेला, कारण त्याचे पूर्वज त्या सैन्याबरोबर आले असे म्हणतात. दुकान फोडले. त्याचा उजवा हात मोडला. दादाने दगड उचलला नव्हता, हे मी चौकशी अधिकाऱ्यासमोर सांगितले. आणि काजळी कुठली, हेही सांगितले. पाटी निघाली. दादाने माझे नाव टाकले. रस्त्यात दिसले की तो दुसऱ्या बाजूने जाई.

मी गेल्यावर कोणी विचारले तर हे कलम दाखवावे. त्या खांबावर नवी पाटी लावा म्हणून कोणीही माझ्या नावाने मागणी करू नये.

५. अंमलबजावणी वकिलांनी करावी. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे ते सांगतात. तेव्हा थोरल्या भावाला मी काही देत नाही. त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिले की पुरे. मी म्हटले, या साक्षीदाराला वाचावा लागेल.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. वार सोमवार, महालाला सुट्टी. दिनांक सहीशेजारी.

लिहून ठेवणारीची सही.

साक्षीदार क्रमांक एक: सायकल दुरुस्तीवाला, शेजारी. डाव्या हाताने सही.

साक्षीदार क्रमांक दोन: लिहून ठेवणारीचा थोरला भाऊ. भाचीने त्याला हाताला धरून आणले. आत साक्षीदार क्रमांक एक बसलेला पाहून तो दारातच थांबला. सायकल दुरुस्तीवाल्याने उठून आपली खुर्ची पुढे केली. दादा बसला, ओठ हलवत सगळे वाचले, चौथे कलम पुन्हा वाचले, मग म्हणाला, "अर्धंच लिहिलंयस." आणि पेन मागितले.

समासातील जादा मजकूर, साक्षीदार क्रमांक दोन याच्या हस्ताक्षरात: चुलीला लागून वैल होता. त्याच्यावर आमचे आंघोळीचे पाणी तापे. पहिली आंघोळ धाकटीची असे.

मजकूर वाढवल्याबद्दल तिघांच्या सह्या.