घड्याळासमोरचा वेग

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलावंसं मला कधी फारसं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात ऑफिसात असते. काम काय, तर तक्ते करायचे: जर्मनीत कामगाराच्या तासाला किती पडतात, मेक्सिकोत किती, आपल्याकडं किती, कुठला पगार किती झपाट्यानं वाढतोय. त्यावरून मालाची नवी उत्पादन-लाइन कुठल्या देशात टाकायची ते वरचे ठरवतात. यंदा गाठ व्हिएतनामशी आहे. तिथला माणूस तासाला आपल्यापेक्षा जास्त घेतो, पण नगही जास्त काढतो, म्हणून नगामागं आपणच महाग पडतो. आता पगार काही आणखी खाली ओढता येत नाही. मग राहिला वेग.

तुम्ही कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. कोण तासाला किती नग काढतो ते मोजून सगळ्यांचा कोटा ठरवणारा घड्याळवाला साहेब आला की सगळ्यांचे हात आपसूक संथ व्हायचे, कुणी कुणाला सांगायचं नाही. एके दिवशी तो तुम्हाला म्हणाला, "काय हात आहे राव तुमचा!" आणि तुम्ही फुगलात. तासभर मशीन दणकावलीत आणि तोच आकडा सगळ्यांच्या बोकांडी बसला. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या शेजारी कुणी डबा उघडेना. अजून डोळ्यांसमोर आहे: घरी आई कडाडते, "लई हुशारी दाखवली व्हय? आता खा एकट्यानंच." तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत राहता. मला तुमची कीव येत नाही, रागच येतो.

गेल्या आठवड्यात मी खाली शॉपवर, मशीनांपाशी गेले, मोबाइलवर घड्याळ लावून एका पोरीजवळ उभी राहिले. मला बघताच तिचे हात मंदावले. मला हसूच आलं, ओळखीचं होतं ते. मग म्हणाले, "तुझ्यासारखा हात या लाइनीत कुणाचाच नाही गं." पोर खुलली. "खरं का मॅडम?" म्हणाली आणि अशी सुटली, की बाजूच्या बाया डोळे वटारून बघायला लागल्या. तो आकडा मी तक्त्यात टाकला. लाइन आता बहुतेक इथंच येईल, शे-दोनशे जणींना काम लागेल, असं मनाला समजावतेय. पण त्या सगळ्यांना दिवसभर तिच्या वेगानं पळावं लागणार आणि शिव्या त्या पोरीला बसणार. आबा, तुमच्याकडून ते भोळेपणानं झालं. मला सगळं ठाऊक होतं. हे पत्र कुठं पाठवणार? तक्ता मात्र दुपारीच पाठवून दिला.