सुनेच्या कार्डावर सासू बसत नाही

आत्ती, मी कोण ते आठवतंय का? जित्ती होतीस तेव्हा आमटीत मीठ घातल्याचं विसरून दुसऱ्यांदा घालायचीस, आणि जेवणाऱ्यांची तोंडं वाकडी झाली की नाव माझं सांगायचीस. लग्नाआधी तू नुसती माझ्या बापाची बहीण, म्हणून मी तू म्हणायचे. तुझी सून झाले आणि अहोजाहो आलं. आता मेलेल्या माणसाचा कसला आलाय मान, परत तूच म्हणते. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेतेय.

तुझा लेक कारखान्यात होता तोवर त्याच्या सरकारी विम्याच्या कार्डावर तू होतीस, मी होते, पोरं होती. साखरेच्या आजारानं तुझ्या पायाला जखम झालेली. विमा दवाखान्यात पट्टी बदलायला आपण दोघी जायचो आणि येताना तू त्या लंगड्या पायानं नर्सबाईच्या चालीची नक्कल करायचीस. मग कावीळ होऊन तुझा लेक गेला, त्याच्यामागं कार्डही गेलं. मी सूतगिरणीत लागले. माझं कार्ड काढायचं ठरलं त्या दिवशी, पायाला चिंधी बांधलेल्या तुला रिक्षात घालून गिरणीच्या ऑफिसात नेलं.

क्लार्क विचारतो, "या तुमच्या कोण?" मी म्हणते, सासू. "बाईच्या कार्डावर सासू बसत न्हाई. आईबाप बसतात." मग आत्या लिवा की, सख्खी हाय, बापाची बहीण. "आत्या तर कुणाच्याच कार्डावर बसत न्हाई, बाई." दोन दोन नाती, एकही चालेना. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "आई म्हणून लिवतो. कोण बघाय येतंय?" मी हो म्हणणार तोच तू काठी आपटलीस. "हिची आई मुरगुडात जित्ती हाय. तिच्या जाग्यावर मी बसू व्हय?" तो म्हणाला, "कागदावरच की, आज्जी." "आन उद्या ती आजारी पडली तर तिला काय कागद चाटवता?"

उठलीसच. कार्डावर माझ्या आईचं नाव लागलं. तू घरी हळद आणि एरंडाचा पाला बांधत राहिलीस. पायाची बोटं काळी पडली तरी विचारलं की "बरं वाटतंय की." शेवटी शेवटी पायाचा वास लपवायला दिवसभर उदबत्ती लावायचीस आणि मला म्हणायचीस, देवाची लई आठवण येतीया.

आईनं त्या कार्डावर खोकल्याची बाटलीसुद्धा कधी आणली नाही. तुझ्यामागं कितीतरी वर्षं धडधाकट जगली, परवा झोपेत गेली. तिला हे मी कधी सांगितलं नाही. आणि तिच्या तब्येतीचा मला राग यायचा, हे तर आजवर कुणालाच नाही.

हा कागद कुठं टाकायचा मला ठाऊक नाही, उशाखालीच राहील. आई तिकडं पोचली असेल. कार्डाचं तिला काही बोलू नकोस. दात नाहीत तिला, भाकरी वाढशील तर दुधात कुस्करून वाढ, गूळ बारीक करून.