हिरवळीवरच्या लाख दूर्वा

विजापूर, ता. १२ जून १९३५

ती. स्व. हेमाक्कास,
राघवेंद्राचे शि. सा. न. वि. वि.

श्यामला आणि मी इकडे सुखरूप पोचलो. शाळाखात्याने मला वर्षभरासाठी इथे आणून टाकलं याचं दुःख नाही. ऐन पावसाच्या तोंडाशी माझी हिरवळ सोडून यावं लागलं, हे मात्र जिवाला लागलं आहे. इथलं गवत शेळीसुद्धा विचार करून खाते.

तू हसशील, पण नीट वाच. मृगाच्या सरी झाल्या की टक्कल पडलेल्या जागी वीत-वीत अंतरावर हरळीची मुळं लावून घे. आषाढात लव्हाळा उपटायचा, खालच्या गाठीसकट. श्रावणापासून दर आठ दिवसांनी माळ्याने गवत कापायचं यंत्र फिरवायचं. दिवाळी झाली की चाळलेलं शेणखत आणि तांबडी माती बोटभर पसरायची. थंडीत पाणी सकाळी, उन्हाळ्यात संध्याकाळी. 

दसऱ्याआधी क्लबाचे परीक्षक बागा पाहायला येतात. तीन वर्षं चांदीचा पेला शेजारच्या पद्मनाभरावांनी नेला. यंदा तो आपल्या घरी आला नाही, तर मी धारवाडात तोंड दाखवणार नाही.

आशीर्वाद असू दे, आणि थोडा गवतालाही दे.
राघवेंद्र

धारवाड, ता. १० ऑगस्ट

चि. राघवेंद्रास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाटलं, दारात गवत नाही, तान्हं मूल ठेवून गेला आहेस. मुळं लावली. लव्हाळा उपटला, त्यात माझी कंबर धरली. यंत्र माळ्याने दोनदा फिरवलं. त्याच्या खडखडाटात माझी पोथी कुठे होती ती विसरायला होतं, म्हणून ‘साकु माडप्पा’, म्हणजे बाबा आता पुरे कर, असं त्याला कानडीत सांगितलं.

गवत वाढेल म्हणून घाबरू नकोस, त्याची सोय झाली आहे. श्रावण लागल्यापासून रोज दुपारी गल्लीतल्या दहा-बारा बायका हिरवळीवर येऊन बसतात. रिकाम्या हातांनी बसत नाहीत, एवढंच सांगते. चांगल्या कामाची आधी वाच्यता करू नये. पद्मनाभराव कुंपणावरून पाहतात आणि खोकतात. त्यांची बायको शकुंतला गुणाची आहे, तिने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे.

माया आहेच, ती काय लिहायची.
अक्का

विजापूर, ता. १७ ऑगस्ट

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पद्मनाभरावांचं कार्ड आलं. मोठ्या सहानुभूतीने लिहितात की, तुमच्या हिरवळीवर बारा बायका टोपल्या घेऊन बसतात आणि तोंडाने मोजत मोजत गवत खुडतात. हा माणूस मला सहानुभूती दाखवतो, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर घडलं आहे. उलट टपालाने लगेच कळव. मला जेवण जात नाही. श्यामला म्हणते जातं, पण ते खरं नाही.
राघवेंद्र

धारवाड, ता. २२ ऑगस्ट

चि. राघवेंद्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलंसच तर ऐक. तू लिहिलंस की पेला आला नाही तर तोंड दाखवणार नाही. माझा एकच भाऊ, त्याने तोंड दाखवू नये म्हणजे काय? म्हणून तुला पेला मिळावा असा संकल्प सोडून मी गणपतीला लाख दूर्वा वाहायला घेतल्या. अनंतचतुर्दशीच्या आत पुऱ्या करायच्या आहेत.

आता तूच सांग, लाख दूर्वा आणायच्या कुठून? हुबळीच्या कमरीपेठेतून मागवल्या, तर निम्म्या पिवळ्या निघाल्या. तू ज्याला हिरवळ म्हणतोस ती हरळी, आणि हरळी म्हणजेच दूर्वा. देवाने दारातच पिकवलं असताना गावभर कशाला हिंडायचं? आम्ही फक्त वरचा तीन पानांचा कोंब खुडतो, मुळाला धक्का नाही. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधतो. एकसष्ट हजार झाल्या.

रागावलास तर पाणी पी.
अक्का

विजापूर, ता. २७ ऑगस्ट

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी प्यालो. उपयोग झाला नाही.

हिरवळ जिंकावी म्हणून तू हिरवळच देवाला वाहिलीस. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला? आजपासून त्या गवताला कुणीही हात लावायचा नाही. बायकांनी नाही, माळ्याने नाही, यंत्रानेही नाही. परीक्षकांच्या आधी आठ दिवस रजा घेऊन मी येतो आणि जे उरलं असेल ते माझ्या हातांनी सारखं करतो. एवढं तरी ऐक.
राघवेंद्र

धारवाड, ता. ६ ऑक्टोबर

चि. राघवेंद्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी रजा नामंजूर झाल्याचं पत्र आणि परीक्षक एकाच सकाळी दारात आले. जे झालं ते सरळ सांगते.

तुझा शब्द मी मोडला नाही. त्या दिवसापासून गवताला वाऱ्याखेरीज कुणी हात लावला नाही. खुडल्यामुळे आधीच दाट फुटलं होतं, त्यात भाद्रपदाचा पाऊस, मग काय विचारतोस. पोटरीएवढं वाढलं, वर तुरे आले. एका परीक्षकाने अगदी गंभीरपणे विचारलं की आपल्याकडे गाय आहे का.

पण संकल्प अर्धा कसा टाकायचा? शकुंतलेला कळलं, तर ती म्हणाली आमच्याकडे काय कमी हरळी आहे. पद्मनाभराव कोर्टात गेले की मधलं फाटक उघडायचं. तुझं पत्र येईपर्यंत ऐंशी हजार झाल्या होत्या, उरलेल्या वीस हजार तिथून खुडल्या आणि चतुर्दशीला लाख पुऱ्या केल्या. नंतर त्यांची हिरवळ अशी दाट आणि सपाट फुटली की सतरंजी झक मारेल. परीक्षकांनी विचारलं, यंत्र कोणतं वापरता? पद्मनाभराव म्हणाले, ते गुपित आहे. मागे शकुंतलेने तोंडात पदर कोंबला होता.

पेला त्यांनाच मिळाला. राघू, मला फार वाईट वाटलं, दोन दिवस पोथी उघडली नाही. देवाने दिला रे पेला, फक्त एक फाटक चुकला.

राग माझ्यावर काढ, गणपतीवर नको.
अक्का

विजापूर, ता. १२ ऑक्टोबर

ती. स्व. अक्कास,
राघवेंद्राचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस मी घरभर धुसफुसत फिरलो. श्यामला मात्र हसत होती. चौथ्या दिवशी मलाही हसू आलं आणि मग लाज वाटली. दुखऱ्या गुडघ्यांनी तू श्रावणभर त्या ओल्या गवतात बसलीस ती कुणासाठी, हे मी एका ओळीने विचारलं नाही. गवताची चौकशी केली, तुझी केली नाही. अक्का, मला क्षमा कर.

पुढच्या श्रावणात मी बदली होऊन येईनच. आलो की बायकांच्या ओळीत तुझ्या शेजारी बसेन आणि तू दाखवशील तसे कोंब खुडीन. संकल्प खुशाल दोन लाखांचा सोड. मधल्या फाटकाला मात्र मी माझ्या हाताने कुलूप लावणार आहे.

तुझा,
गवतातलं आपल्याला कळतं असं ज्याला परवापर्यंत वाटत होतं तो,
राघवेंद्र